पूर, वीज, ऊन, आग : खेड्यातल्या घराची तयारी आणि खबर मिळवायच्या जागा

आपल्याकडे विदर्भात संकटं हंगाम पाळून येतात. हरभरा-गहू काढणीला आला की गारपीट, एप्रिल-मेमध्ये पंचेचाळीसच्या पुढचं ऊन आणि त्याच दिवसांत गोठ्यांना लागणाऱ्या आगी, मृगाच्या आगेमागे विजा, आणि जुलैपासून पोळ्याच्या पुढेपर्यंत पूर. इतकं सगळं ठरलेलं असूनही बहुतेक घरांत तयारी सुरू होते ती पाणी पायरीला लागल्यावर.

तयारी म्हटली की लोक पिशवीबद्दल बोलतात : टॉर्च, बिस्किटं, कागदपत्रं. पिशवी लागतेच, पण ती भरायला एक संध्याकाळ पुरते. घोडं अडतं ते ठरवण्यात. बाप म्हणतो जरा थांबू, सून म्हणते लेकरं घेऊन निघू, आजी म्हणते, "आपल्या दारात पानी कधी आलंच नाई." या वादात एक तास जातो आणि तेवढ्यात नाल्यावरची वाट बंद होते. म्हणून उन्हाळ्यात, आभाळ कोरडं असताना, घरातल्या सगळ्यांनी बसून एवढंच ठरवायचं : कोणती खूण दिसली की काय करायचं. बाकीची तयारी त्याच्या मागून येते.

आधी खुणा ठरवा

गावातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन एक चक्कर मारा. मोठ्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते त्यांना नेमकं ठाऊक असतं : देवळाचा ओटा, शाळेची तिसरी पायरी, पाराचा दगड. त्या उंचीवर ऑईलपेंटची रेघ मारून घ्या. ग्रामपंचायतीने मारली तर उत्तम, नाही तर स्वतः मारा.

आता दोन खुणा निवडा. पहिली तयारीची. समजा, नाल्याचं पाणी रपट्याच्या (नाल्यावरच्या बुटक्या पुलाच्या) कठड्याला लागलं. ती दिसली की जनावरं वरच्या बाजूला न्यायची, मोटारसायकल उंचावर लावायची, धान्य वर चढवायचं, फोन चार्जिंगला लावायचे. दुसरी खूण निघायची. ती दिसली की चर्चा बंद, सगळे बाहेर.

बहुतेक घरं एक गोष्ट उलटी करतात. निघायची खूण ते आपल्या उंबरठ्यावरून ठरवतात, आणि घर असतं उंचावर. पण गावातून बाहेर पडायची वाट घराच्या किती तरी खाली असते. रपटा आधी बुडतो, मग शेतरस्ता, आणि घरात पाणी शिरतं त्याच्या चार-सहा तासांनी. तोवर निघायला जागा उरलेली नसते. तेव्हा खूण वाटेवरून ठरवा. रस्त्याचा सगळ्यात खोल भाग कुठे आहे, ते पावसाळ्याआधी एकदा सायकलने जाऊन बघा. गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर आलं की तालुक्याचं गाव असूनही बाहेरचा संपर्क तुटतो, आणि हे जवळपास दर पावसाळ्यात घडतं. तिथली घरं जूनच्या आधीच महिन्या-दोन महिन्यांचं धान्य भरून ठेवतात. त्यांची खूण म्हणजे कॅलेंडर.

रात्रीसाठी नियम वेगळा. संध्याकाळी पाणी पहिल्या खुणेवर आहे आणि वर पाऊस चालू आहे, तर दुसऱ्या खुणेची वाट न बघता अंधार पडायच्या आत म्हातारी माणसं, बाळंतीण आणि लेकरं हलवा. ३० जुलै १९९१ ला नरखेड तालुक्यातल्या मोवाडवर वर्धा नदीचं पाणी आलं आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. नदीकाठच्या गावाला असा लोंढा आला की विचार करायला वेळ मिळत नाही.

आणखी एक. आपल्या आभाळाकडे बघून नदीचा अंदाज बांधू नका. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेने भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत जो हाहाकार केला, त्यातलं बरंचसं पाणी मध्य प्रदेशातल्या पावसाचं आणि तिथल्या संजय सरोवर धरणातून सोडलेलं होतं. मोठी नदी तुडुंब भरली की तिला मिळणाऱ्या नाल्याचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं. नदीपासून दूर असलेल्या गावात, पाऊस थांबल्यावर, नाला उलटा वाहत घरात येतो तो यामुळे. तुमचा नाला कोणत्या नदीला मिळतो आणि त्या नदीवर वरच्या अंगाला कोणतं धरण आहे, हे घरातल्या शाळकरी पोराला नकाशावर शोधायला सांगा. वैनगंगेवर गोसीखुर्द, वर्धा नदीवर मोर्शीजवळचं ऊर्ध्व वर्धा, पैनगंगेवर इसापूर, चंद्रपूरच्या इरईवर इरई धरण. पावसाळ्यात तुम्हाला ज्याच्या बातमीवर लक्ष ठेवायचं, ते नाव एवढ्याने मिळतं.

नंबर भिंतीवर, फोनमध्ये नव्हे

फोन भिजतो, बॅटरी जाते, लॉकचा पॅटर्न फक्त पोराला ठाऊक असतो. म्हणून एका पुठ्ठ्यावर जाड मार्करने नंबर लिहून आतल्या दाराच्या मागे ठोका, आणि दुसरी प्रत पिशवीत प्लास्टिकमध्ये.

वर हे नंबर असू द्या. ११२ : पोलीस आणि कोणतीही तातडीची मदत. १०८ : रुग्णवाहिका. १०२ : गरोदर बाई, बाळंतीण आणि तान्ह्या बाळासाठीची गाडी. १०७७ : जिल्हाधिकारी कार्यालयातला आपत्ती नियंत्रण कक्ष. १०७० : मुंबईचा राज्य नियंत्रण कक्ष. १९१२ : वीज तक्रार. १९६२ : जनावरांचा फिरता दवाखाना.

१०७७ बद्दल एक सावधगिरी. मोबाईलवरून लावला की टॉवर ज्या जिल्ह्यात, त्या जिल्ह्याच्या कक्षात लागू शकतो. सीमेवरच्या गावांनी, म्हणजे वर्धा नदीच्या एका काठाला एक जिल्हा आणि दुसऱ्या काठाला दुसरा अशांनी, आपल्या जिल्हा नियंत्रण कक्षाचा लँडलाईन नंबर एसटीडी कोडसह लिहून ठेवावा. तो जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळावर आपत्ती व्यवस्थापनाच्या पानावर असतो. तिथेच जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडाही सापडतो. तो जाडजूड असतो; सगळा वाचू नका. फक्त आपल्या तालुक्याची पूरप्रवण गावांची यादी आणि निवाऱ्याच्या जागा बघा. गावाचं नाव यादीत असेल तर निवारा म्हणून कोणती शाळा किंवा समाजमंदिर लिहिलंय ते कळेल. आणि त्या शाळेचं छप्पर गळतं की नाही, संडास चालू आहे की नाही, किल्ली कोणाकडे असते, हे तुम्ही जाऊन बघा. आराखड्यात ते लिहिलेलं नसतं.

त्या खाली गावचे नंबर : तलाठी, ग्रामसेवक, सरपंच, पोलीस पाटील, आशाताई, वायरमन, तहसीलचा नियंत्रण कक्ष. गावात ट्रॅक्टर कोणाकडे, होडी कोणाकडे, पोहणारे कोण, हेही. सरकारने 'आपदा मित्र' म्हणून तरुणांना प्रशिक्षण दिलंय. तुमच्या भागात कोणी आहे का, ते तहसीलमध्ये विचारा. आणि एक नंबर बाहेरगावच्या नातेवाइकाचा. पुरात गावातल्या गावात फोन लागत नाही, पण नागपूर किंवा पुण्याला लागून जातो. घरातला प्रत्येकजण त्या एका मावशीला किंवा भाच्याला आपण कुठे आहोत ते कळवेल, आणि बाकीचे तिलाच विचारतील. सगळ्यांनी सगळ्यांना फोन करत बसण्यात बॅटरी संपते.

यादी झाली की मे महिन्यात प्रत्येक नंबर एकदा लावून बघा. तलाठ्याची बदली झालेली असते, वायरमनचा नंबर बदललेला असतो.

खबर कुठून घ्यायची

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुराचा व्हिडिओ सगळ्यांत आधी येतो. तो कोणत्या वर्षाचा आणि कोणत्या राज्यातला हे कोणीच विचारत नाही. धरण फुटल्याची अफवा तर ठरलेलीच. ग्रुप सोडू नका, पण निर्णय त्यावर घेऊ नका.

पावसाचा इशारा नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडून येतो, जिल्हावार आणि रंगात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हाला. हवामान विभागाच्या भाषेत 'जोरदार' पाऊस म्हणजे चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर, 'अतिजोरदार' ११५.६ च्या वर आणि २०४.४ च्या पुढे 'अत्यंत जोरदार'. महसूल खातं ज्याला अतिवृष्टी म्हणतं ती महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) ६५ मिलिमीटरच्या वर. रंग जिल्ह्याला मिळतो, पाऊस मात्र एका नाल्याच्या पाणलोटात कोसळतो. त्यामुळे पिवळा असतानाही रपटा बुडू शकतो. २२ जुलै २०२३ ला यवतमाळच्या महागाव तालुक्यातला आनंदनगर तांडा पाण्याने असा वेढला की हेलिकॉप्टर बोलवावी लागली.

फोनमध्ये तीन गोष्टी टाकून ठेवा : विजेसाठी 'दामिनी', सरकारी इशाऱ्यांसाठी 'सचेत', पिकाच्या हवामानासाठी 'मेघदूत'. मोठ्या नदीकाठी राहत असाल तर केंद्रीय जल आयोगाचं 'फ्लडवॉच इंडिया'ही. त्यात नदीची आजची पातळी, इशारा पातळी आणि धोका पातळी दिसते. लोकेशन चालू ठेवल्याशिवाय दामिनी उपयोगाची नाही. बरीच माणसं बॅटरीसाठी लोकेशन बंद ठेवतात आणि मग ॲप काही सांगत नाही म्हणतात.

धरणाची बातमी क्युमेकमध्ये येते. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला हजार लिटर. एक क्युमेक सुमारे ३५ क्युसेक (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट). गोसीखुर्दला ३३ दरवाजे आहेत, पण 'इतके दरवाजे उघडले' या आकड्याला फार अर्थ नाही, कारण दरवाजा अर्धा मीटर उघडला की तीन मीटर, यावर सगळं अवलंबून. विसर्ग, म्हणजे सेकंदाला सोडलेलं पाणी, किती हे ऐका, आणि मागच्या वेळी तेवढ्या विसर्गाला आपल्या गावी पाणी कोणत्या खुणेवर होतं ते वहीत लिहून ठेवा. दोन-तीन पावसाळ्यांत तुमच्या गावापुरतं त्या वहीइतकं नेमकं कोणतंच ॲप सांगणार नाही.

टॉवर बंद पडला तर रेडिओ. सेलवर चालणारा छोटा ट्रान्झिस्टर आजही घरात हवा; नागपूर, अकोला, यवतमाळ, चंद्रपूर इथल्या आकाशवाणीच्या बातम्या जिल्ह्याचं सांगतात. आणि दवंडी किंवा ग्रामपंचायतीचा भोंगा. भोंगा विजेवर चालतो. तो बॅटरीवर करून घ्या, अशी मागणी ग्रामसभेत करण्यात काही गैर नाही.

वीज : शेतातला प्रश्न

पुरात गाव बातमीत येतं, वीज मात्र एकेक माणूस गुपचूप नेते. आणि नेते ती बहुधा शेतातून : पेरणी, डवरणी, रोवणीच्या दिवसांत, दुपारी तीननंतर. म्हणून ही तयारी घराची नाही, बांधावरची आहे.

चमक दिसली की मोजायला लागा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते, काम सोडा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा शेतात उतरायचं नाही. रोवणीच्या मजुरीत अर्धा तास जातो हे खरं, पण हा अर्धा तास मालकाने आधीच मान्य केलेला असावा. नाही तर बाया चिखलातून निघत नाहीत.

जायचं कुठे? पक्कं घर, बंद काचांची जीप किंवा कार. ट्रॅक्टर नव्हे. मोहाच्या, निंबाच्या झाडाखाली तर नाहीच; सवयीने पाय तिकडेच वळतात. चार खांबांवरचं उघडं टिनाचं शेडही सुरक्षित नाही. काहीच जवळ नसेल तर धुऱ्यावरून (बांधावरून), विहिरीच्या काठावरून, तारेच्या कुंपणापासून दूर सखल जागी या. पाण्यातून बाहेर पडा. एकमेकांपासून अंतर ठेवून पाय जुळवून उकिडवे बसा, डोकं खाली, कानावर हात. आडवं झोपायचं नाही, कारण पडलेली वीज जमिनीतून पसरते आणि अंगाचा जितका भाग मातीला लागेल तितका धोका. कुदळ, विळा, लोखंडी दांड्याची छत्री बाजूला टाका.

घरात असाल तर टीव्हीची वायर, चार्जर काढा, मोटरच्या स्टार्टरला हात लावू नका, नळाखाली भांडी घासू नका.

वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला लगेच हात लावता येतो, लावलाच पाहिजे. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या वेगाने जोरात दाबत राहा, कोणीतरी १०८ लावा. शेणात पुरून ठेवण्याचा उपाय अजून ऐकू येतो. त्यात माणूस वाचायची वेळ निघून जाते.

घर, गोठा आणि पिशवी

पिशवी पटकन उरकतो. आधार, रेशन कार्ड, पासबुक, सातबारा, आठ-अ, आयुष्मान कार्ड, जॉब कार्ड यांच्या झेरॉक्स प्लास्टिकमध्ये, आणि त्यांचे फोटो त्याच बाहेरगावच्या मावशीच्या फोनवर. बीपी-शुगरच्या आठवड्याच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं, थोडी रोकड, टॉर्च, शिटी, काडेपेटी, एक जोड कपडे, मुरमुरे-फुटाणे-गूळ, पाण्याच्या बाटल्या. छतावर अडकलेल्या माणसाचा आवाज पावसात पोचत नाही, शिटी पोचते.

गोठ्यावर मात्र वेळ द्या. दावं बांधलेली जनावरं पुरात जागच्या जागी बुडतात. मोकळी सोडलेली म्हैस बहुतेक वेळा पोहून निघते. गोठ्याच्या खांबाला एक धारदार विळा कायमचा अडकवून ठेवा, भिजलेल्या दाव्याची गाठ सुटत नाही. जनावरांच्या कानातला बिल्ला दिसेल असा प्रत्येकाचा फोटो काढून ठेवा. जनावर गेलं तर भरपाईच्या कागदात तो नंबर विचारतात.

फवारणीची औषधं आणि खतं सगळ्यात वरच्या फळीवर, धान्यापासून लांब. पाणी शिरलं की बाटल्या तरंगतात आणि कोठीत जाऊन पडतात. गॅस सिलिंडर बंद करून बांधा, तोही तरंगतो. निघताना मेन स्विच खाली. पुलावरून पाणी असेल तर घोट्याएवढं वाटलं तरी गाडी घालू नका. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी ढकलून नेतं, आणि खालचा रस्ता वाहून गेलाय का ते गढूळ पाण्यात दिसत नाही.

आगीचा हंगाम वेगळा, पण तयारी याच अंगणात. भाव वाढायची वाट बघत घरात भरलेला कापूस, घराला लागून रचलेली पऱ्हाटी, तुराट्या, कुटार, तणस, आणि मे महिन्यातला दुपारचा वारा. एका ठिणगीला यापेक्षा काय हवं? कुटाराचा ढीग घरापासून आणि विजेच्या तारांपासून लांब रचा. कापसाच्या खोलीत होल्डर, बोर्ड, उदबत्ती काही नको. चूल दुपारी पेटवू नका. वाऱ्याने तारा एकमेकींना घासत असतील तर वायरमनला एप्रिलमध्येच सांगा, तेही लेखी, प्रत ठेवून. पाण्याचा ड्रम आणि दोन बादल्या गोठ्याजवळ भरलेल्या असाव्यात. तालुक्याहून अग्निशमन गाडी येईपर्यंत त्याच कामी येतात.

उन्हाचं सगळे जाणतात, फक्त एक ओळखायला शिका. डोकं दुखणं, मळमळ, घाम येणं हे थकवा. सावली, पाणी, मिठाची आंबील याने भागतं. पण माणूस बरळायला लागला, अंग तापलं, घाम थांबला, फिट आली तर तो उष्माघात. १०८ लावा आणि गाडीची वाट बघत बसू नका. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, काखेत आणि मानेला ओले फडके. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. दुपारी बारा ते चार शेतात एकट्याला पाठवू नका. पडला तर बघायला कोणी नसतं.

पाणी ओसरल्यावर

घरात शिरताना काठी आधी. साप कोरडी जागा शोधत चुलीमागे, पांघरुणात, कोठीखाली बसलेला असतो. काही दिवस जमिनीवर झोपू नका. झोपायचंच झालं तर मच्छरदाणी अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचा, कारण मण्यार रात्रीच चावते आणि तिची खूणही दिसत नाही. चावला तर बांधू नका, कापू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. हातपाय न हलवू देता दवाखान्यात. कोणत्या दवाखान्यात सर्पदंशाची लस ठेवलेली असते, हे आशाताईला मे महिन्यातच विचारून त्या पुठ्ठ्यावर लिहा.

विहिरीचं आणि बोअरचं पाणी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने औषध टाकेपर्यंत उकळूनच प्या. ओल्या भिंतीतला स्विच आणि शेतातला स्टार्टर वायरमनने बघेपर्यंत बंद.

आणि साफसफाईला हात लावण्याआधी फोटो. भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेलं धान्य, पडलेली भिंत, मेलेलं जनावर बिल्ल्यासह, शेताचा फोटो बांधावरची ओळखीची वस्तू दिसेल असा. मग तलाठ्याला पंचनाम्यासाठी लेखी अर्ज, पोच घेऊन. मेलेल्या जनावराचं शवविच्छेदन पशुवैद्यकाकडून करून घ्या, पुरायची घाई करू नका. २०२२ ते २०२६ साठीच्या केंद्राच्या निकषांत माणूस गेल्यास वारसाला ४ लाख, दुधाळ गाय-म्हशीला ३७,५००, बैलाला ३२,०००, शेळी-मेंढीला ४,००० रुपये अशी मदत धरलेली होती; चालू दर तहसीलमध्ये विचारा. शेतकरी वीज पडून किंवा साप चावून गेला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाखांची मदत असते; दुसऱ्या सरकारी योजनेतून मदत घेतली असेल तरी ती मिळते का, ते आधी विचारा. तो अर्ज कृषी कार्यालयात जातो, तलाठ्याकडे नव्हे, आणि पंचनाम्याबरोबर आपोआप होत नाही. पंचनामा करणारा माणूस दारात येईल तेव्हा घरात कोणीतरी असू द्या, आणि सही करण्याआधी नुकसानीच्या रकान्यात काय लिहिलंय ते मोठ्याने वाचून घ्या.